नाताळचं जेवण साडेसहाला वाढा

२६ डिसेंबरच्या सकाळी माझ्या दवाखान्यात येणाऱ्या पेशंटचे साधारण दोन गट पडतात. एका गटात लहान मुलं असतात. उलट्या, पोटदुखी, रात्रभर किरकिर, घसा बसलेला. दुसऱ्या गटात त्यांच्या आया असतात. डोकं ठणकतंय, छातीत जळजळतंय, बीपी वाढलंय, दोन रात्री धड झोप नाही. औषध दोघांनाही देता येतं. पण जरा चौकशी केली की बऱ्याचदा दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं, ते म्हणजे पंचवीस तारखेचं रात्रीचं जेवण.

मी वसईत प्रॅक्टिस करते, त्यामुळे नाताळ हा माझ्यासाठी कॅलेंडरवरचा लाल आकडा नाही. आठवडाभर आधीपासून बाह्य रुग्ण विभागाचा, म्हणजे आमच्या साध्या भाषेत ओपीडीचा, नूरच बदलतो. गोठा बांधताना हाताला लागलेलं, कंदील लावताना स्टुलावरून पडलेलं, फुग्या तळताना भाजलेलं असं काहीतरी रोज येतं. आणि येणाऱ्या प्रत्येक तरुण आईला मी एकच प्रश्न विचारते, "पंचवीसला जेवण तुमच्याकडे आहे का?" उत्तर "हो" असेल तर चेहऱ्यावर आनंद कमी आणि हिशेब जास्त दिसतो. किती माणसं, कुणाला डुकराचं मटण चालत नाही, कुणाला बदक मोयलीच हवी, सासूबाईंची शुगर, कॅनडाहून आलेली नणंद आणि तिची दोन मुलं. या हिशेबात एक गोष्ट मात्र सहसा नसते. जेवण किती वाजता?

माझं मत सरळ सांगते. घरात सहा वर्षांखालची मुलं असतील तर नाताळचं रात्रीचं जेवण संध्याकाळी साडेसहाला वाढायला हवं. सात म्हणजे उशीर आणि नऊ म्हणजे हट्ट. मेनू कितीही साधा केला, कितीही मदतनीस ठेवले, तरी घड्याळ चुकलं तर ताण येणारच, कारण तो ताण स्वयंपाकाचा नसून झोपेला आलेल्या मुलांचा असतो.

झोपेचा हिशेब मांडून बघा

एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. यात दुपारची झोप धरलेली आहे. आता चोवीस तारखेची रात्र बघा. मध्यरात्रीची मिस्सा, नंतर अंगणात भेटीगाठी, केक, फोटो. काही चर्चमध्ये मिस्सा आता लवकर सुरू होते, तरी घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत एक-दीड वाजतोच. मूल मिस्सेत मांडीवर झोपतं, पण घंटा, गाणी, उचलणं, गाडीत ठेवणं यांत त्या झोपेचे तुकडे होतात. सकाळी साडेसहा-सातला ते भेटवस्तूसाठी टुणकन उठतं. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला जेमतेम पाच-सहा तास झोप मिळाली. दिवसभर पाहुणे, नवे कपडे, चुलत-मावस भावंडं, त्यामुळे दुपारची झोपही बुडाली. हे मूल संध्याकाळी सातला कसं असेल?

ते पेंगत नाही, हीच गंमत आहे. मोठी माणसं थकली की मंदावतात, लहान मुलं थकली की उधळतात. झोप अपुरी झालेलं मूल पळतं, किंचाळतं, हसता हसता रडतं, भावाला चावतं. घरातले म्हणतात, "बघा, अजून किती एनर्जी आहे!" ती एनर्जी नव्हे. त्याचा स्वतःवरचा ताबा सुटलाय. या अवस्थेतल्या मुलाला नऊ वाजता खुर्चीवर बसवून "मावशीला दाखव बरं तू कसं नीट जेवतोस" म्हणणं ही त्याची परीक्षा नाही, छळ आहे.

परदेशातून आलेल्या मुलांचं गणित आणखी वेगळं. वसईत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा टोरांटोत सकाळचे साडेनऊ असतात. दोन दिवसांपूर्वी उतरलेल्या मुलाचं शरीर अजून तिकडच्याच वेळेवर चालतं. दिवसाला साधारण एका तासाच्या हिशेबाने ते इकडच्या वेळेला जुळवून घेतं. त्यामुळे ते भर दुपारी ढाराढूर झोपेल आणि रात्री दोनला टक्क जागं होऊन खायला मागेल. त्याच्या आईला "मुलाला वळण नाही" असं कुणी म्हणू नका. रात्रीसाठी एक डबा झाकून फ्रीजमध्ये ठेवा, एवढं पुरे.

आणि हो, हा दोष साखरेवर ढकलू नका. "केक आणि कलकल खाऊन पोरं चेकाळलीत" हे वाक्य दर नाताळात ऐकू येतं. साखरेने मुलं चेकाळतात का, यावर बरंच संशोधन झालं आहे. १९९५ साली अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग मला फार आवडतो. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साखर नसलेलं गोड पेय दिलं. निम्म्या आयांना मात्र सांगितलं की पेयात भरपूर साखर होती. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली, आणि त्या मुलांच्या जास्त मागे-मागे राहिल्या, जास्त टोकत राहिल्या. म्हणजे पेयात साखर नव्हती, ती आयांच्या मनात होती. दातांसाठी आणि वजनासाठी गोड कमीच बरं, त्यात वाद नाही. पण नऊ वाजताच्या धिंगाण्याचं कारण केक नव्हे, जागरण आहे.

मग दिवस कसा आखायचा?

पंचवीस तारखेला दुपारी एक ते तीन घर शांत हवं. पाहुणे असोत वा नसोत. एका खोलीचे पडदे ओढा, मुलांना झोपवा आणि शक्य असेल तर स्वतःही आडव्या व्हा. त्या वेळेत कुणी आलं तर अंगणात बसवा, डिसेंबरातली वसईची दुपार बसण्यासारखी असते. पाच वाजता मुलांना हलकं खायला द्या. सुकेळ्याचे छोटे तुकडे, दूध, पावाचा तुकडा. इथे बहुतेक घरांत उलटं होतं. जेवण उशिरा असल्यामुळे पाच ते नऊ या चार तासांत मूल वेफर्स, केक, शीतपेय असं हाताला लागेल ते खात राहतं आणि ताटावर बसल्यावर तोंड फिरवतं. मग आईचा पारा चढतो. मुलाचं पोट भरलेलं असतं हो, त्याने काय करावं?

साडेसहाला वाढा. मुलं आणि मोठे एकत्र जेवा. यजमानीण पहिल्या पंगतीला, मुलांच्या शेजारी बसली पाहिजे. हे मी फार आग्रहाने सांगते, कारण ज्या बाई २६ तारखेला छातीत जळजळ घेऊन येतात त्यांना "तुम्ही कधी जेवलात?" विचारलं तर उत्तर बहुधा "साडेअकराला, उभ्या-उभ्या" असं येतं. सकाळपासून चहावर, मग रात्री तिखट-आंबट मटण, वर केकचा तुकडा, आणि लगेच अंथरुणात. ऍसिडिटी, मायग्रेन होणार नाही तर काय होणार? ज्यांना बीपीची किंवा डायबिटिसची गोळी चालू आहे त्या तर त्या दिवशी गोळीच विसरतात.

वाढायचं कुणी, असा प्रश्न येईल. घरातल्या पुरुषांनी वाढावं. साडेसहाला अजून कुणाचा ग्लास भरलेला नसतो, हाही या वेळेचा एक फायदा. ज्यांना निवांत बसायचंय, गप्पा मारायच्यात, ते मुलं झोपल्यावर साडेआठनंतर बसोत, तेव्हा घर त्यांचंच आहे.

"पण नातेवाईक इतक्या लवकर येणार कसे?" येतात. पहिल्या वर्षी कुरकुरतात, दुसऱ्या वर्षी सहा वाजताच हजर होतात, विशेषतः ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत ते. आणि अगदीच जमत नसेल तर तारीख बदला. नाताळचा काळ सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत मानला जातो. माहेर, सासर, काका, मामा सगळं पंचवीसलाच उरकलं पाहिजे असा नियम कुठेही नाही. सत्तावीस-अठ्ठावीसला मोठं जेवण ठेवलं तर मुलांची झोप भरून निघालेली असते आणि तुमचीही.

स्वयंपाकाबद्दल मी कोण सांगणार, इथल्या बायका मला शिकवतील. पण सोरपोतेल आणि इंद्याल हे पदार्थ आधी करून ठेवण्यासाठीच जणू जन्माला आलेत. व्हिनेगर मुरतं, चव वाढते. ते तेवीसला होऊ शकतं. फक्त मोठ्या पातेल्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. मोठं पातेलं आतून निवायला फार वेळ लागतो आणि त्या कोमटपणात जंतू वाढतात. पसरट डब्यांत काढा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि वाढायच्या वेळी लागेल तेवढंच काढून चांगलं उकळा. भाताची तर जास्त काळजी घ्या. बाहेर राहिलेल्या भातात एका जंतूचं असं विष तयार होतं की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. पंचवीसच्या रात्री उलट्या सुरू होणाऱ्या मुलांत दुपारचा पुलाव हा एक संशयित असतो.

फुग्या मात्र गरमच हव्यात, हे मान्य. पण कढई गॅसवर असताना स्वयंपाकघरात मुलं नकोत. एका मोठ्या माणसाला फक्त दारात उभं राहण्याचं काम द्या. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका.

"एक घास, एकच घास"

आता ताटातल्या भांडणाबद्दल. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या जेवणाची एक वाटणी सांगितली आहे, ती मी वर्षानुवर्षं पालकांना सांगते. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलाने ठरवायचं. मोठ्यांनी आपलं काम नीट करायचं आणि मुलाच्या कामात लुडबुड करायची नाही.

दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या पदार्थाची भीती वाटणं हा वाढीचा नैसर्गिक भाग आहे. एखादा पदार्थ आवडायला लागण्याआधी तो दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. सोरपोतेल वर्षातून एक-दोनदा होतं. तर मग त्याच रात्री, वीस जणांसमोर, मुलाने ते आवडीने खावं ही अपेक्षा कुठून आली? शिवाय बॉटल मसाला मोठ्यांच्या जिभेसाठी आहे. मुलाच्या ताटात तुम्हाला खात्री आहे असा एक तरी पदार्थ असू द्या. वरण-भात, फुगीचा मऊ भाग, बिनतिखटाचं उकडलेलं चिकन, बटाटा. त्याच्या शेजारी चमचाभर सणाचा पदार्थ ठेवा आणि त्याबद्दल एक शब्दही बोलू नका. खाल्लं तर खाल्लं. एका रात्री कमी जेवल्याने निरोगी मूल वाळत नाही.

आजी-आजोबांना हे पटवणं अवघड जातं. त्यांच्या काळात ताटात टाकणं पाप होतं, आणि ती भावना मला कळते. पण भरवण्यासाठी मागे धावणं, "हे संपव मग भेटवस्तू" अशी सौदेबाजी करणं, "बघ, तो बंटी कसा खातो" म्हणणं यांतून मूल शिकतं ते एवढंच की जेवण म्हणजे भांडण. पाहुणे यायच्या आधीच, दोन दिवस अगोदर, शांतपणे त्यांना सांगून ठेवा. ऐनवेळी सगळ्यांसमोर सांगितलं तर त्यांचाही अपमान होतो. दुसऱ्याचं नाव घेता येत नसेल तर माझं घ्या, डॉक्टरबाईंनी सांगितलंय म्हणावं.

मूल वीस मिनिटांत उठलं तर उठू द्या. चार वर्षांचं मूल तेवढंच बसतं.

पापी घेण्याचंही तसंच. मुलाला नको असेल तर नको. दोन-तीन महिन्यांचं बाळ घरात असेल तर मी याहून कडक आहे. सर्दी-खोकला असलेल्याने किंवा ओठावर तापाचे फोड आलेल्याने बाळाच्या जवळही जाऊ नये. मोठ्यांना किरकोळ वाटणारा तो संसर्ग इतक्या लहान बाळाच्या जिवावर बेतू शकतो.

ज्या गोष्टींची खरोखर भीती बाळगायला हवी

मूल जेवलं नाही याचा घोर लावून घेतो, आणि खऱ्या धोक्यांकडे दुर्लक्ष होतं. असे तीन धोके मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला, घशात अडकणं. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे काजू, बदाम, शेंगदाणे देऊ नका. द्राक्षं उभी चार भागांत कापा. कलकल कडक झाली असतील तर छोट्यांच्या हाती लागू देऊ नका. पळताना, हसताना, झोपाळ्यावर काही खायचं नाही, हा एकच नियम त्या दिवशी कडक ठेवा. अडकलंच आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, श्वास येत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापट्या मारा. त्याने सुटलं नाही तर एक वर्षावरच्या मुलाच्या मागे बसून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्या. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही, छातीच्या मधल्या हाडावर दाबायचं. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, तुकडा आणखी खाली जातो. त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी १०८ला फोन लावावा.

दुसरा धोका बटणासारख्या चपट्या बॅटरीचा. नाताळात ही बॅटरी घरात कुठे कुठे असते बघा. गाणारं भेटकार्ड, लुकलुकणारी टोपी, झाडावरचे छोटे दिवे, स्वस्तातली खेळणी. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत ती आतून गंभीर भाजू शकते. लाळ गळणं, खायला नकार, खोकला, छातीत दुखणं ही लक्षणं असू शकतात, किंवा सुरुवातीला काहीच नसतं. नुसता संशय आला तरी एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या हॉस्पिटलात लगेच जा. उलटी करवू नका. मूल एक वर्षावरचं असेल, नीट गिळू शकत असेल आणि बॅटरी गिळून बारा तास झालेले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मध शोधण्यात वेळ घालवू नका.

तिसरा धोका टेबलावर उरलेल्या ग्लासांचा. मोठे रात्री एकला झोपतात, मुलं सहाला उठतात. घरची द्राक्षाची वाइन गोड असते, रंग सरबतासारखा. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडाच असतो, आणि दारूमुळे शरीराचं नवी साखर बनवणं थांबतं. त्यामुळे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते, झटके येऊ शकतात. झोपण्यापूर्वी सगळे ग्लास रिकामे करून सिंकमध्ये टाका, बाकी भांडी सकाळी घासली तरी चालतील. "सणाचा दिवस आहे, जिभेला लावूया" हे कौतुकही मला मान्य नाही.

सव्वीसला मुलाला उलट्या झाल्याच तर ओआरएसचं पाणी चमच्या-चमच्याने द्या. मूल मलूल पडलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, उलटीत हिरवं किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका.

आणि आमंत्रणाचं. व्हॉट्सऍपवर सगळ्यांना आत्ताच कळवून टाका, शब्द सुचत नसतील तर हे घ्या: "पंचवीसला जेवण साडेसहाला. साडेआठला मुलं झोपतील. उशिरा येणाऱ्यांचं ताट फ्रीजमध्ये असेल, गरम त्यांनी स्वतः करायचं."